बर्फाची चाल

जिथे जानेवारीतही रात्री पंखा बंद करावासा वाटत नाही, अशा गावात मी पहिल्यांदा बर्फाचं संगीत ऐकलं. गावाचं नाव एन्नोर. मद्रासच्या उत्तर टोकाला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते, तिथली खाडी. खाडीच्या अंगाने मच्छीमारांची कुप्पम, पलीकडे मिठागरं, आणि गुम्मिडीपूंडीला जाणाऱ्या लोकलचा रूळ. १९९२ साली आम्ही तिथे भंडाऱ्याहून गेलो. भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तो १९८२ चा. एन्नोरचा कारखाना त्याचा आजोबा, १९४८ साली ‘अशोक मोटर्स’ या नावाने सुरू झालेला. बाबांची बदली नातवाकडून आजोबाकडे झाली, असं आई म्हणायची. थंडी म्हणजे काय ते मला आणि भावाला ठाऊक होतं. डिसेंबरात भंडाऱ्याला पहाटे तोंडातून वाफ निघायची, अंगणात शेकोटी पेटायची. बर्फ मात्र आम्ही पाहिलेला नव्हता. एन्नोरला थंडीही गेली.

एन्नोरला बर्फ होता, पण तो मासळीचा. लाद्या यायच्या, त्यांचा चुरा व्हायचा, आणि तो पेट्यांमध्ये माशांवर पसरला जायचा. तो करडा, खारट वासाचा चुरा हा माझ्या डोळ्यांनी पाहिलेला हिमवर्षावाच्या सर्वांत जवळचा प्रकार.

पोंगलच्या सुट्टीत बाबांनी बर्मा बझारमधून व्हिडिओ गेम आणला. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांना पोटापाण्यासाठी मिळालेल्या टपऱ्यांचा तो बाजार तोवर परदेशी विजेच्या वस्तूंसाठी अख्ख्या दक्षिणेत प्रसिद्ध झाला होता. यंत्रावर कुठल्याही धड कंपनीचं नाव नव्हतं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, हे मला फार उशिरा कळलं. सोबत एक पिवळी कॅसेट होती. कार्ट्रिज हा शब्द आमच्यापैकी कुणीच वापरत नसे. कॅसेट फुंकर मारून खोचायची. नीट बसली नाही तर टीव्हीवर मुंग्या यायच्या. (इंग्रजीत या मुंग्यांनाच बर्फ म्हणतात. पडद्यावरच्या त्याच वळवळीत एका भाषेला किडे दिसले आणि दुसरीला हिम, याचं मला अजून नवल वाटतं.) नीट बसली की ‘काँट्रा’ सुरू व्हायचा. दोन शिपाई, एक निळा एक तांबडा. आधी जंगल, मग शत्रूचा तळ, मग धबधबा, पुन्हा तळ, आणि पाचव्या टप्प्याला अचानक सगळं पांढरं. सूचिपर्णी झाडं, रणगाडे, आणि एक नवीच चाल.

ती चाल म्हणजे माझ्यासाठी तीस वर्षं बर्फच होता. पुढे मनालीला खरा बर्फ पाहिला तेव्हाही ती आपोआप डोक्यात वाजू लागली, आणि सोबतच्या मंडळींना काय झालं ते सांगता येईना.

आता मी तमिळमधून मराठीत अनुवाद करते. एखादी गोष्ट मुळात कुठून आली आणि वाटेत तिचं काय झालं, हे शोधायची खोड धंद्यानेच लागते. म्हणून कधीतरी प्रश्न पडला, की त्या चालीत बर्फ होता कुठे? ती वेगवान आहे, धावपळीची आहे, लढाईची आहे. तिच्यात घंटा नाहीत, किणकिण नाही. मग बर्फाचं संगीत म्हणजे नेमकं काय, आणि ते तसं कुणी ठरवलं?

अडचण अशी आहे की बर्फाला आवाज नसतो. पावसाला असतो, म्हणून पावसाला संगीतात नक्कल सापडते. आपल्याकडे पावसाला मल्हारांचं अख्खं कुटुंब आहे, वसंताला बसंत आहे, हेमंत नावाचाही राग आहे; बर्फाचा राग कुणी मागितलाच नाही. ताजा बर्फ तर असलेला आवाजही पिऊन टाकतो, कारण त्याच्या कणांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात आणि ध्वनी त्यांत विरतो. म्हणजे संगीतकारापुढचं काम शांततेची चाल बांधण्याचं.

युरोपात आधी ते काम टाळलं गेलं. लुलीच्या ‘इसीस’ या ऑपेरात (१६७७) गोठलेल्या प्रदेशातले लोक गातात, आणि गाताना त्यांचा आवाज थरथरतो. पर्सेलने १६९१ साली ‘किंग आर्थर’मध्ये हिवाळ्याच्या देवतेला तसंच कुडकुडत गायला लावलं. विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’मधला (१७२५) हिवाळाही व्हायोलिनच्या कुडकुडण्याने सुरू होतो. हे सगळं थंडीचं संगीत झालं, बर्फाचं नव्हे. त्यात दात वाजतात. बाहेर काय पडतंय ते कळत नाही.

बर्फाला पहिला स्वतःचा आवाज मिळाला तो घसरगाड्यांच्या घुंगरांचा, आणि त्यामागे व्यवहार होता. बर्फावर गाडीची चाकं खडखडत नाहीत, घोड्यांच्या टापा ऐकू येत नाहीत, त्यामुळे रस्त्याने जाणारा माणूस गाडीखाली यायचा. म्हणून घोड्यांच्या गळ्यात घुंगरमाळा. मोझार्टच्या वडिलांनी, लेओपोल्ड मोझार्ट यांनी, १७५५ साली घसरगाडीच्या सफरीवर रचना केली आणि मुलाने १७९१ मध्ये एका नृत्यरचनेत घुंगरं सुरात लावून वाजवली. बर्फाच्या शांततेवर उपाय म्हणून माणसाने जो आवाज शोधला, तोच पुढे बर्फाचा आवाज मानला गेला. आपल्याकडे बैलांच्या घुंगुरमाळा ऐकून कुणाला गारठा आठवणार नाही. वस्तू तीच, अर्थ ज्या रस्त्यावर ती वाजली त्या रस्त्याचा.

दुसरा आवाज चेलेस्टाचा. दिसायला छोट्या पियानोसारखं, पण तारांऐवजी पोलादी पट्ट्यांवर हातोडी पडणारं हे वाद्य ऑगस्त म्युस्तेलने १८८६ साली पॅरिसमध्ये केलं. चायकॉव्हस्कीने ते १८९१ मध्ये तिथे ऐकलं आणि प्रकाशकाला लिहिलं, की गुपचूप एक मागवा, रिम्स्की-कोर्साकॉव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांना पत्ता लागता कामा नये. पुढच्याच वर्षी ‘नटक्रॅकर’मध्ये त्याने ते वापरलं. पण वापरलं कुणासाठी? मिठाईच्या राज्यातल्या परीसाठी! त्याच बॅलेत हिमकणांचं एक नृत्य आहे आणि तिथे त्याने शब्दांविना गाणारी मुलं घेतली आहेत. साखरेचा आवाज बर्फाचा कसा झाला, तर ‘नटक्रॅकर’ दरवर्षी नाताळात होऊ लागला म्हणून. लोकांनी बाहेर बर्फ असताना ते वाद्य इतक्यांदा ऐकलं, की त्याला थंडी चिकटली.

इथवर मला वाटत होतं की हा सगळा पश्चिमेचा संकेत आहे आणि जपानी संगीतकारांनी तो उसना घेतला. मग जपानी रंगभूमीबद्दल वाचायला लागले.

काबुकीत बर्फ पडतो तेव्हा पडद्याआड मोठा ढोल वाजतो. टोकाला कापड गुंडाळलेल्या काठीने, अगदी हळू, दूरवर कुणी उशी थोपटावी तसा. जे मुळात ऐकूच येत नाही त्यासाठी त्यांनी सर्वांत मोठं वाद्य निवडलं आणि ते जवळजवळ न वाजवण्याची रीत बसवली. प्रेक्षकाला तो आवाज आला की वरून कागदाचे तुकडे पडण्याआधीच बर्फ कळतो. माझ्या मते बर्फाच्या संगीताचा याहून चांगला तोडगा जगात कुठे निघालेला नाही.

पण जास्त चकित केलं ते ‘युकी’ने. युकी म्हणजे बर्फ. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओसाकातल्या मिनेझाकी कोतो या संगीतकाराने शामिसेनच्या साथीने गायची ही रचना केली. संन्यासिनी झालेली एक गणिका पूर्वीची बर्फाची रात्र आठवते, ज्या रात्री ती वाट पाहत राहिली होती. मध्यरात्री देवळाची घंटा ऐकू येते, आणि त्या ठिकाणी शामिसेनवर एक छोटा तुकडा आहे, घंटेचा. तो तुकडा इतका लोकप्रिय झाला की काबुकीवाल्यांनी उचलला, इतर संगीतात शिरला, आणि पुढच्या पिढ्यांच्या कानात त्याचा अर्थ घंटा हा उरलाच नाही. तो तुकडा वाजला की बर्फ.

युरोपात घंटा बर्फ झाली, आणि युरोपाशी संबंध नसलेल्या ओसाकातही घंटा बर्फ झाली. हे दोन प्रवाह कुठे भेटले असतील तर ते विसाव्या शतकाच्या शेवटी, व्हिडिओ गेमांत. तोवर यंत्रांनीही घंटेची बाजू घेतली होती. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ साली एक युक्ती सापडली होती. एका लहरीने दुसरीची वारंवारता भराभर हलवायची. त्या दोघींचं प्रमाण पूर्णांकात बसवलं नाही की वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत आणि धातूवर टोला पडल्यासारखा आवाज येतो. घंटा, जी वाद्यवृंदात वजनदार आणि महाग, ती इथे दोन लहरींत मिळत होती. यामाहा कंपनीने या युक्तीचा परवाना घेतला आणि तिच्या चिप घरोघरीच्या खेळयंत्रांत गेल्या. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये अशीच चिप होती. बर्फाच्या प्रदेशात किणकिण ऐकू येऊ लागली त्यात ‘नटक्रॅकर’चा वाटा आहे, ‘युकी’चाही कदाचित असेल, आणि किणकिण स्वस्त पडत होती याचा तर नक्कीच आहे.

चालीत मात्र बर्फ नसतो, याचे दोन सज्जड पुरावे याच काळातले आहेत. ‘सुपर मारिओ ६४’मध्ये (१९९६) कोजी कोंडो यांनी बर्फाच्या डोंगरासाठी नवी चाल बांधली नाही. घसरगुंडीच्या टप्प्याचीच चाल त्यांनी संथ केली आणि तिच्या पायांत घुंगरं बांधली. आणि ‘सॉनिक ३’मधल्या (१९९४) बर्फाच्या टप्प्याची जी चाल ऐकून लोकांच्या अंगावर काटा येतो, ती मुळात द जेट्झन्स नावाच्या बँडच्या ‘हार्ड टाइम्स’ या गाण्याची. ते गाणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्ड झालं आणि लोकांपुढे आलं थेट २००८ मध्ये. गाण्यात बर्फ नाही. बँड होता ॲरिझोनातला, म्हणजे वाळवंटातला. त्यामुळे एन्नोरच्या उकाड्यात बसून बर्फ ऐकणाऱ्या दोन मुलांना शरमायचं काही कारण नाही.

आता आमच्या कॅसेटकडे येते.

‘काँट्रा’ १९८७ साली कोनामी कंपनीने आर्केडसाठी काढला, म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायच्या कपाटासाठी. संगीत काझुकी मुराओका यांचं, आणि त्या कपाटात यामाहाची तीच घंटा जाणणारी चिप होती. पुढच्या वर्षी तो घरगुती यंत्रावर आला. तिथलं संगीत हिदेनोरी माएझावा आणि सहकाऱ्यांनी बसवलं. फॅमिकॉमची ध्वनिचिप फार गरीब होती. दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर, आणि ध्वनीचे छोटे नमुने वाजवणारी पाचवी वाट. चौकोनी लहरींवर चाल, त्रिकोणीवर खर्ज, खरखरीवर ढोल. पाच जणांच्या संचात नाटक बसवण्यासारखंच ते होतं. जो राजा तोच पुढच्या प्रवेशात भालदार.

जपानी आवृत्तीत कोनामीने कॅसेटमध्ये स्वतःची जास्तीची चिप घातली होती. त्यामुळे पहिल्या टप्प्यात झाडं डुलायची आणि पाचव्यात बर्फ पडायचा. अमेरिकेत गेलेल्या कॅसेटमध्ये ती चिप नव्हती; तिथे झाडं स्थिर आणि बर्फ फक्त जमिनीवर. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्येही बर्फ पडत नव्हता. पांढरं होतं, पण वरून काही येत नव्हतं. जे डोळ्यांना मिळालं नाही ते आम्ही कानांकडून वसूल केलं असणार.

आणि कानांना जे मिळालं तेही मूळ नव्हतं. इथे थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. चौकोनी लहर एका फेऱ्यात किती वेळ वर राहते यावर तिचा आवाज ठरतो. पाव वेळ वर राहिली तर आवाज नाकातला, सनईच्या कुळातला. अर्धा वेळ राहिली तर पोकळ, वेळूच्या फुंकरीसारखा. संगीतकार यांतून निवड करतो, गायक आकार लावायचा की इकार ते ठरवतो तशी. बऱ्याच नकली यंत्रांच्या चिपमध्ये या दोन जागांची अदलाबदल झाली होती. म्हणजे माएझावांनी नाकातला आवाज मागितला की यंत्र पोकळ देणार, पोकळ मागितला की नाकातला. चाल बिनचूक, स्वर बिनचूक, गळा भलत्याचाच.

यावर लयीची भानगड. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचा, भारतातला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. त्या काळचे खेळ संगीताचा पुढचा तुकडा प्रत्येक चित्रागणिक वाजवत. म्हणून पाल टीव्हीसाठी बनलेल्या यंत्रावर जपानची एका मिनिटाची चाल बहात्तर सेकंद चालायची. गंमत अशी की स्वर खाली येत नव्हता. अशा पुष्कळ नकली यंत्रांचं घड्याळ मूळ यंत्राच्या इतकं जवळ ठेवलेलं होतं की फरक पडायचा तो अर्ध्या स्वराच्या साधारण सहाव्या भागाएवढा. तो जाणवायला तयारीचा कान हवा. टेप हळू फिरवली की आवाज घोगरा होतो, तसं इथे होत नव्हतं. चीज तीच, पट्टी तीच, लय मात्र उतरलेली.

मुराओकांच्या घंटेच्या चिपवरून माएझावांच्या पाच वाटांवर, तिथून कुणा अनामिक कारखान्याच्या उलट्या चिपवर, आणि मग पाल टीव्हीवर. मराठी वाचकाला या प्रवासाची सवय आहे. आपल्याकडच्या कितीतरी रशियन कादंबऱ्या इंग्रजीच्या हाती लागून मराठीत आल्या, आणि त्यांतला बर्फ वाटेत किती वितळला याची मोजदाद कुणी ठेवली नाही. तरी आपण त्या वाचून रडलो. मी विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकले. तिथे अनुवादातल्या अशा हानीवर आम्ही निबंध लिहायचो, आणि मूळ कृती म्हणजे सासरी निघालेली लेक असल्याच्या थाटात बोलायचो. यंत्राचा हा हिशेब मांडला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की माझ्या बाबतीत त्या चालीचा बर्फ वाटेवरच्या चुकांमुळे तयार झाला असेल. साठच्या लयीत ती नुसती पळापळ आहे. पन्नासच्या लयीत, पोकळ आवाजात, पाय गुडघाभर रुतत असताना कुणी पळू पाहावं तशी ती वाटते. निदान मला वाटते.

याच सुमारास, आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, खुद्द मद्रासमध्ये बर्फाचं संगीत तयार झालं होतं. १५ ऑगस्ट १९९२ ला ‘रोजा’ प्रदर्शित झाला. कोडंबाक्कममध्ये घराला लागून बांधलेल्या स्टुडिओत ए. आर. रहमान यांनी काश्मीर उभा केला. चित्रपटातला काश्मीरही काश्मीरचा नव्हताच. खोऱ्यातल्या परिस्थितीमुळे चित्रीकरण मनालीकडे आणि दक्षिणेतल्या गिरिस्थानांवर झालं. बर्फातल्या गाण्यासाठी वैरमुत्तूंनी बर्फाला ‘पांढरा पाऊस’ केलं. मी तेव्हा तमिळ शिकत होते आणि मला हे फार हुशारीचं वाटलं, कारण तमिळमधला रोजचा शब्द ‘पनि’ दवालाही चालतो, धुक्यालाही आणि बर्फालाही. मार्गळी महिन्यात एन्नोरच्या खाडीवर पहाटे पडतं ते पनि, आणि हिमालयात पडतं तेही पनि. ज्यांनी बर्फ पाहिला नाही त्यांना तो समजवायचा तर पावसालाच पांढरं करावं लागतं.

मराठीची अवस्था याहून वेगळी, पण बरी नाही. बर्फ हा शब्द फारसीने दिला, हिम संस्कृतने. आपल्या मुलखात पडतं ते दव, दहिवर आणि गारा. शिवाय लादीही बर्फच, गोळाही बर्फच, आणि कापसासारखा भुरभुरतो तोही बर्फच. अनुवाद करताना या एका शब्दाने मला किती वेळा अडवलं आहे! एका तमिळ कथेत एन्नोरची पहाट होती आणि ‘पनि’ होतं. मी आधी धुकं लिहिलं, मग दव, मग पुन्हा धुकं. छापून आल्यावर वाटलं, दहिवरच हवं होतं.

हिंदुस्थानी कानाने बर्फासाठी कुठलं वाद्य धरलं, तर संतूर. शिवकुमार शर्मांनी ते काश्मिरी सुफियाना मैफलीतून उचलून रागसंगीतात आणलं, आणि चित्रपटात त्यांचा प्रवेश झाला तो व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’मधून (१९५५), वसंत देसाईंच्या संगीतात, एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतासाठी. पुढे १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आली आणि संतूर वाजलं की काश्मीर हा हिशेब पक्का झाला. इथेही पाहा, वाद्य टोला मारून वाजवायचं. स्वर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. घुंगरू, चेलेस्टा, शामिसेन, संतूर या सगळ्यांना स्वर धरून ठेवता येत नाही. उमटला की तो वितळतो. सारंगीने बर्फ दाखवायचा म्हटलं तर अवघडच जाईल.

एन्नोर आम्ही १९९६ मध्ये सोडलं. यंत्र तिथेच शेजारच्या मुलाला दिलं. त्यानंतर एन्नोर मी पाहिलं ते पडद्यावर. जानेवारी २०१७ मध्ये टी. एम. कृष्णा यांचं ‘चेन्नै पोरंबोक्कु पाडल’ आलं. कबेर वासुकींचे शब्द, कर्नाटक रागमालिका, आणि चित्रीकरण एन्नोरच्या खाडीत. पोरंबोक्कु म्हणजे महसुलाच्या दप्तरात कुणाच्याच नावावर नसलेली, सर्वांची जमीन, जसं आपलं गायरान. बोलीत मात्र ती शिवी झाली आहे, निकम्म्या माणसाला द्यायची. गाणं त्या शब्दाला शिवीतून बाहेर काढू पाहतं.

मी ते पुण्यात, आवाज बंद ठेवून पाहायला सुरुवात केली, कारण शेजारी कुणी झोपलं होतं. पडद्यावर सपाट, फिकट, मऊ दिसणारी जमीन आली आणि मला ती चाल ऐकू यायला लागली. पाचवा टप्पा. मग लक्षात आलं, ही राख आहे. औष्णिक वीज केंद्रांतली कोळशाची राख पाण्यात कालवून नळांतून वाहून नेतात; नळ गळतात, आणि गाळ वर्षानुवर्षं खाडीत बसत जातो. खाडी उथळ होते, कोळंबी जाते, जाळं टाकणाऱ्याचे पाय रुततात. सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवरून आई जी करडी पूड झटकायची, तिच्याकडेही मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. आवाज लावला. कृष्णांच्या गाण्यात किणकिण नव्हती, पांढऱ्या रंगाला गोंजारणारं काहीच नव्हतं. आनंदभैरवीने सुरुवात, मग बेगडा, आणि असं करत सिंधुभैरवीपर्यंत. भर राखेत उभं राहून तो माणूस जमिनीच्या मालकीबद्दल गात होता. मला माझ्या कानांची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर चाल थांबली नाही. ती गाण्याच्या खाली चालूच होती.

भाऊ आता कॅनडात विनिपेगला असतो आणि वर्षाचे पाच महिने बर्फ उपसतो. बर्फाचा आवाज कसा असतो, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, पडताना काहीच नसतो. चालताना असतो, आणि पारा शून्याखाली दहा-बाराच्याही खाली गेला की बूट खडूसारखे कुरकुरतात. मग मी त्याला ‘काँट्रा’च्या पाचव्या टप्प्याचं मूळ संगीत पाठवलं, फॅमिकॉमवरून जसंच्या तसं उतरवलेलं.

त्याचं उत्तर आलं, “ताई, हे पळतंय.”

मी तेच सहास पाच या प्रमाणात संथ करून, पट्टी न बदलता पाठवलं. तो म्हणाला, “हं. चाल आपलीच. पण हा आवाज कुणाचा?”

जुनं यंत्र संगणकावर वठवणारे एम्युलेटर नावाचे प्रोग्रॅम असतात. त्यांतल्या एकात शोधता शोधता मला एक पर्याय सापडला. चौकोनी लहरीच्या त्या दोन जागांची अदलाबदल करा. जगात कुठेतरी कुणीतरी मुद्दाम बसून ही चूक परत घडवायची सोय करून ठेवली होती. मी त्या चौकटीत खूण केली, पाल निवडलं, पाचव्या टप्प्यापर्यंत खेळले (तीस जीव घेऊन, ते सांगायला हवं), आणि पडद्यासकट रेकॉर्ड करून पाठवलं.

विनिपेगला पहाट होती. थोड्या वेळाने फोनच आला. त्याच्या मागे फावडं कशावर तरी घासल्याचा आवाज येत होता.

“यात बर्फ पडतोय का गं? मोबाइलवर नीट दिसत नाहीये.”

“नाही पडत.”

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला.